तुटलेली शिरोरेखा

मालवणातल्या या घराच्या पडवीत पेंटरकाकांनी सहा फुटी कॅनव्हास भिंतीला टेकवला आहे आणि त्यावर खडूने चौकटी आखून घेतल्या आहेत. हे एका नव्या रहस्यपटाचे पोस्टर आहे. काका चेहऱ्यापासून सुरुवात करत नाहीत; ते आधी काळोख रंगवतात. नुसत्या काळ्या रंगाला खोली येत नाही, म्हणून त्यात ते थोडा निळा आणि थोडा तपकिरी मिसळतात, आणि चपट्या ब्रशचे फटकारे मारत तो कडेकडेपर्यंत पसरवत नेतात.

त्या काळोखातून फक्त एक डोळा, गालाचा उंचवटा आणि ओठाची कड वर येते. जमिनीवर ठेवलेल्या समईचा पडावा तसा उजेड खालून पडला आहे. वरून येणाऱ्या प्रकाशाला आपली नजर सरावलेली असते. तोच खालून आला की ओळखीचा चेहराही परका वाटू लागतो. उरलेला अर्धा चेहरा पाहणाऱ्याने मनात पुरा करायचा असतो. आजच्या अनेक पोस्टरांवर सगळी पात्रे रांगेने उभी केलेली असतात आणि लपवायला काही शिल्लकच राहत नाही.

१९७५ च्या ‘जॉज’चे पोस्टर रॉजर कॅस्टेल यांच्या चित्रावरून झाले. पाण्यावर पोहणारी स्त्री लहानशी आहे, आणि खालून वर येणारा शार्क प्रचंड. तिला तो दिसत नाही, आपल्याला दिसतो. बाजारात टोपलीतली मुशी, म्हणजे लहान शार्क, रोज पाहणाऱ्या आमच्या किनाऱ्यावरच्या माणसालाही ते चित्र पाहून पाण्यातले पाय वर घ्यावेसे वाटतात.

दुपारनंतर अक्षरांचे काम सुरू होते. देवनागरीत शिरोरेखा सुट्या अक्षरांना एका शब्दात बांधून ठेवते. काका ती दुसऱ्या अक्षरावर थांबवतात, बोटभर जागा सोडतात आणि तिसरे अक्षर किंचित खाली उतरवून रेघ पुन्हा सुरू करतात. शब्द सहज वाचता येतो, पण नजर त्या फटीत अडखळते.

हीच फट पडद्यावर हलू लागली की श्रेयनामावली बोलू लागते. १९६० च्या ‘सायको’साठी सॉल बास यांनी आडव्या-उभ्या पट्ट्या सरकवत नावे दुभंगून टाकली, आणि बर्नार्ड हर्मन यांनी केवळ तंतुवाद्यांवर संगीत बांधले. त्या नावांमागे चेहरा नाही, शस्त्र नाही, तरीही पहिल्या प्रसंगाआधीच प्रेक्षक सावध होऊन बसतो.

काकांची पुतणी लॅपटॉपवर काकांच्या पोस्टरच्याच रहस्यपटाची नामावली जुळवते आहे. काळ्या पडद्यावर लाटांचा आवाज चालू असतो. चित्रपटाचे नाव उमटण्याआधी ती तो दोन सेकंद पूर्ण बंद करते. शिरोरेखेतली फट तिने काकांच्या कॅनव्हासवरूनच उचलली आहे.

फ्लेक्स आल्यापासून काकांकडे असे काम क्वचितच येते.

आता बुबुळावरचा पांढरा ठिपका तेवढा राहिला आहे. तो ठेवण्याआधी काका ब्रश हातात धरून बराच वेळ कॅनव्हाससमोर उभे राहतात.