कमरेला पिस्तूल, वर शर्ट: सिग पी 365 वापरणारे काय सांगतात

टेबलावरचं हे काळं पिस्तूल बघा, शेजारी मोबाईल मुद्दाम ठेवलाय, म्हणजे साइजचा अंदाज येईल. लांबी 5.8 इंच, जाडी जेमतेम एक इंच आणि वजन साधारण अर्धा किलो. हे सिग सावर कंपनीचं पी 365. अमेरिकेत कपड्याखाली लपवून बाळगायला लोक जी छोटी 9 एमएम (म्हणजे 9 मिलिमीटर जाडीच्या गोळीची) पिस्तुलं घेतात त्यात याचं नाव अगदी वरती असतं. नावातले 365 म्हणजे वर्षाचे सगळे दिवस, म्हणजे कंपनी म्हणते रोज जवळ ठेवा. आम्ही टेक्सासमध्ये ज्यांच्याकडे हे आहे त्यांना एवढंच विचारलं, की बाबांनो, रोज खरंच राहतं का जवळ?

पण आधी हे एवढं गाजलं कशामुळे ते बघू. लपवून बाळगायचं म्हटलं की अमेरिकेत पूर्वी छोटं रिव्हॉल्व्हर, स्मिथ अँड वेसनचं चीफ्स स्पेशल 1950 मध्ये आलं, पाच गोळ्या, संपला विषय. मग 1994 मध्ये फेडरल कायदा आला, सामान्य माणसासाठी दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) बंद, आणि तो 2004 पर्यंत चालला. आता दहाच गोळ्या भरायच्या तर भलंमोठं पिस्तूल कशाला, असा हिशेब लोकांनी पण केला आणि कंपन्यांनी पण. 1995 ला ग्लॉक कंपनीचं ग्लॉक 26 आलं, बुटकं, दहा गोळ्यांचं, पण जाड. पुढे 2012 चं स्मिथ अँड वेसनचं शील्ड, 2015 चं ग्लॉक 43, ही दोन्ही मस्त पातळ, पण ग्लॉक 43 मध्ये गोळ्या फक्त सहा. म्हणजे एकतर जाडी सोसा नाहीतर कमी गोळ्यांवर भागवा.

जानेवारी 2018 मध्ये पी 365 आलं आणि त्याच पातळ अंगात दहा गोळ्या, चेंबरमधली, म्हणजे नळीत आधीच चढवलेली धरली तर अकरा. जादू वगैरे काही नाही, सगळी करामत मॅगझिनची. जुन्या पातळ पिस्तुलात गोळ्या एकावर एक एका रांगेत, जाड पिस्तुलात दोन रांगा, आणि इथे दोन्हीच्या मधलं, दीड रांग म्हणा हवं तर, गोळ्या एकमेकींना तिरक्या खेटून बसतात आणि वर येता येता एका रांगेत येतात. लगेच पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्ड कंपनीचं हेलकॅट अकरा गोळ्या घेऊन हजर, ग्लॉकचं 43 एक्स पण त्याच वर्षीचं.

सुरुवातीचा माल मात्र सगळा गोड नव्हता. पहिल्या काही महिन्यांतल्या पिस्तुलांमध्ये स्ट्रायकर (गोळीला ठोकणारी पिन) प्रायमरवर (गोळीच्या बुडाची, ठोकल्यावर पेट घेणारी टोपी) घासला जायचा, काहींचे स्ट्रायकर तुटले, ट्रिगरच्या स्प्रिंगच्या पण तक्रारी झाल्या. नंतर पार्ट बदलले गेले आणि हा गोंधळ मागे पडला, पण ज्यांनी तेव्हा घेतलं ते अजून ऐकवतात की कुठलंही नवीन पिस्तूल बाजारात आलं की वर्षभर दुसऱ्यांना वापरू द्यावं. मला विचाराल तर जीव ज्याच्या भरवशावर ठेवायचा त्याच्या बाबतीत हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे.

आता रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर. हे बघा, मॅगझिन भरतायत, नववी गोळी गेली, आणि दहावीला अंगठ्याचं नख पांढरं पडलंय. नव्या मॅगझिनची स्प्रिंग इतकी कडक असते की बरेच जण भरायला प्लास्टिकचा लोडर वापरतात. मग पकड बघा. सपाट बुडाचं मॅगझिन लावलं की मोठ्या पंजाच्या माणसाची करंगळी हवेत, बुडाला पुढे ओठासारखा टेकू काढलेलं मॅगझिन लावलं की ती टेकते. करंगळी टेकली की पिस्तूल हातात बसतं, नाही टेकली की दर गोळीला नळी वर उसळते आणि पुन्हा नेम धरायला वेळ जातो. वजन कमी म्हणून कमरेला सुख, आणि वजन कमी म्हणूनच हाताला झटका, हे दोन्ही एकाच गोष्टीतून येतं, त्यात कंपनी तरी काय करणार. पन्नास गोळ्यांचा डबा संपेपर्यंत मजा येते, शंभरीकडे गेलं की तळहात बोलायला लागतो, असं जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं.

पण खरं सांगायचं तर गोळीबाराबद्दल लोक थोडंच बोलतात, बोलतात ते पट्ट्याबद्दल, होल्स्टरबद्दल (पिस्तूल ठेवायचं म्यान), शर्टाच्या कापडाबद्दल. साधा पट्टा चालत नाही, तो वाकतो आणि पिस्तूल बाहेरच्या बाजूला कलतं. पोटाच्या पुढे लावलं तर गाडीत बसताना टोचतं, मागे लावलं तर सीटमध्ये अडकतं. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात घामाने साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) कडेला तांबूस डाग येतात, नळीच्या तोंडाशी कपड्याचा भुसा जमतो, मग ब्रश घेऊन बसा. तिथल्या एका मराठी गृहस्थांची अडचण तर एकदम घरगुती होती. गणपतीला सगळे ज्येष्ठ जमलेले, वाकून नमस्कार करायला गेलं की झब्बा मागून ताणला जाणार आणि कमरेवरचा उंचवटा दिसणार, म्हणून ते गुडघे टेकून नमस्कार करतात, आणि काकू म्हणतात बघा किती संस्कारी.

टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला लायसन्सशिवाय हँडगन बाळगता येते. तरी सगळीकडे नाही. शाळेच्या इमारतीत बंदी, त्यामुळे रविवारची मराठी शाळा भाड्याच्या शाळेत भरत असेल तर पिस्तूल आधीच घरी ठेवून निघायचं. आणि आपल्याकडच्या लोकांचा यात मोठा घोळ होतो, एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्ड झालं की येते. भारतात तर 9 एमएम सामान्य माणसाला मिळतच नाही, लायसन्स मिळालं तरी बहुतेकांची गाडी त्याहून छोट्या .32 गोळीच्या पिस्तुलावरच थांबते, त्यामुळे नागपूरचा चुलतभाऊ फोनवर विचारतो की मला एक पाठव ना, त्याला काय सांगणार!

लहान मूल असलेल्या घरात सूर बदलतो. पी 365 चं जे मूळ मॉडेल आहे त्याला बाहेरून दाबायचं सेफ्टीचं बटण नाही, ते असलेलं मॉडेल नंतर आलं. एका नर्सताईंनी तेच घेतलं, त्यांचा मुलगा नुकता चालायला लागलेला. ड्यूटीवरून आल्या की पिस्तूल होल्स्टरमधून काढत नाहीत, होल्स्टरसकट तिजोरीत टाकतात, म्हणजे ट्रिगर झाकलेलाच राहतो. टेक्सासमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लोड केलेली बंदूक लागेल अशी निष्काळजीपणे ठेवणं हा गुन्हा आहे, पण त्यांनी कायद्याचं नाव पण काढलं नाही, मुलगा कपाटाची दारं उघडायला शिकलाय एवढंच म्हणाल्या.

मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. पिस्तूल जितकं आरामात कमरेला बसतं तितका माणूस रेंजवर कमी जातो. झटका बसतो, गोळ्यांना पैसे पडतात, वीकेंडला पोरांच्या मॅचेस असतात, आणि पिस्तूल तर आहेच कमरेला, मग काय. मोठं पिस्तूल घरी ठेवणारे त्याच्यावर जास्त सराव करतात आणि रोज बाळगतात हे छोटं, ज्याच्यावर सराव सगळ्यात कमी. दोघांनी हे कॅमेऱ्यासमोर मान्य केलं, बाकीचे हसले नुसते.

काहींनी यावर तोडगा काढलाय. या पिस्तुलात कायद्याने बंदूक म्हणून नंबर असतो तो आतल्या छोट्या स्टीलच्या सांगाड्यावर, बाहेरची प्लास्टिकची ग्रिप म्हणजे नुसतं कव्हर, बदला हवी तेवढी. मग कोणी 2019 मध्ये आलेल्या याच्याच मोठ्या भावाची, पी 365 एक्सएलची लांब ग्रिप घेतो, बारा गोळ्यांचं मॅगझिन लावतो, करंगळीला जागा मिळते. मग तेच थोडं लांब झालेलं पिस्तूल टाइट शर्टातून दिसायला लागतं, आणि असं केलेले एक गृहस्थ आता एक नंबर मोठे शर्ट घ्यायला लागलेत.