ओटीपी द्यायच्या आधी

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त आर्वी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, सरपंचताई, आणि दिवसभर कापूस वेचून थकलेल्या असूनही इथे येऊन बसलेल्या मायबहिणींनो,

पत्रिकेवर माझ्या नावासमोर ‘ग्राहक संरक्षण कायदा, 2019 : तरतुदी व अंमलबजावणी’ असा विषय छापलाय. तो मी मांडणार आहे, काळजी नसावी. मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली बरीचशी सत्कारात गेली. शाल चांगली आहे. नारळ मात्र वाजवून बघितला, पाणी कमी वाटतं. ग्राहक दिनाच्या वक्त्याला नारळ देताना संयोजकांनी तेवढं जपायला हवं होतं.

आजची 24 डिसेंबर ही तारीख का, हे मुलांसाठी सांगतो. 1986 साली याच दिवशी आधीच्या ग्राहक कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याच्याही आधी, 1974 साली, बिंदूमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली होती. आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी कधीची? तीही 1974 ची. म्हणजे एकाच साली ग्राहक जागा झाला आणि दारू बंद झाली. कागदोपत्री दोन्ही झालं. हसा, हसा. मागच्या रांगेतले जास्त हसतायत, त्यांची नावं मला माहीत आहेत.

हा दारूचा विषय मी उगाच काढलेला नाही. आपल्याकडे मोठं सामान येतं अमरावतीहून. वर्धा नदीच्या पलीकडे बंदी नाही, अलीकडे आहे. त्यामुळे काही ड्रायव्हर मंडळी पूल ओलांडायच्या आधीच पुढच्या कोरड्या प्रवासाची सोय करून घेतात. त्या सोयीनिशी गाडी आपल्या गावात शिरते. आमचा फ्रीज असाच आला.

मुलगा पुण्याला असतो. मे महिन्यात त्याने आईसाठी ऑनलाइन फ्रीज मागवला. कंपनीचं नाव घेत नाही, माझं भांडण नावाशी नाही. सकाळी मेसेज आला, आज फ्रीज मिळेल. दुपार उन्हात गेली. चारला फोन वाजला. पलीकडच्या माणसाच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. आता खर्रा तोंडात असला की माणूस नुसते स्वर बोलतो, व्यंजनं गिळतो. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून मला कळलं. ‘आका, ओएशन आठवा.’ म्हणजे, काका, लोकेशन पाठवा. मी पाठवलं. त्या लोकेशनने त्याला पांदण रस्त्याने नेऊन वावरात सोडलं. मग पुन्हा फोन. ‘काका, मी तं गावातच हावो, पण इथं घरच नाही दिसून रायलं.’ म्हटलं, बाबा, दिसतं काय? म्हणे, ‘दोन बैलं हायेत.’

इथे एक आडवाट घेतो. पिनकोड ही श्रीराम भिकाजी वेलणकरांची देणगी. मराठी माणूस, संस्कृतचे जाणकार, डाक खात्यात अधिकारी. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. पण तो आणतो डाकघरापर्यंत. एका पिनकोडात कितीतरी गावं असतात. तिथून पुढे पोस्टमन लागायचा आणि त्याला कोणाची सून माहेरी गेली आहे इथपर्यंत माहिती असायची. आताच्या पोराला माहिती देतो त्याचा मोबाईल, आणि नाल्याच्या पलीकडे गेलं की रेंज जाते. म्हणून आपलं पार्सल जातं पानठेल्यावर. अर्ध्या गावाची पार्सलं तिथेच उतरतात. सुनेने मागवलेली साडी आधी पानठेल्यावरचे बघतात, मग सासू, मग सून. आता बायका हसतायत.

तर फ्रीज. दिवस मावळता मावळता गाडी दारात आली. छोटा हत्ती, वर बांधलेला फ्रीज पूर्ण आडवा. बरोबर हमाल नाही. ड्रायव्हर उतरला तो दार धरूनच. वासावरून पुढचं सांगायला नको. त्याने दोरी सोडली, आणि कोणाची वाट न बघता फ्रीज ओढला. तो निसटून आमच्या तुळशीवृंदावनाच्या कोपऱ्यावर टेकला. खोक्याच्या आतून आवाज आला. ड्रायव्हर म्हणाला, ‘काही नाही झालं काका, ओटीपी सांगा.’

मी चष्मा शोधत होतो. आमच्या घरच्यांनी मोबाईल पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, ‘आधी फ्रीज उभा कर. खोकं खोल. मंग लंबर भेटन.’ तो म्हणे, काकू, खोलायचा नियम नाही. ह्या म्हणाल्या, मंग लंबर द्यायचाही नाही. आजच्या व्याख्यानाला खरं तर त्यांनाच बोलवायला हवं होतं. त्यांना नारळाची पारखही आहे.

शेजारच्या पोरांनी खोकं खोललं. दार चेपलेलं, खालचा पाय मोडलेला. शिवाय फ्रीज आडवा आणला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. उभा करून काही तास ठेवल्याशिवाय तो सुरू करायचा नसतो. हे त्याने सांगायला हवं होतं; सांगितलं दहावीतल्या पोराने. त्याच पोराने सगळ्याचं चित्रीकरण केलं. आम्ही घेणार नाही म्हटल्यावर ड्रायव्हरने मोबाईलवर काहीतरी दाबलं. मुलाला पुण्यात मेसेज गेला, ‘ग्राहक घरी उपलब्ध नाही.’ आम्ही दोघं, शेजारी आणि निम्मी आळी त्याच्यासमोर उभी होती!

तो तसाच परत निघाला, तेव्हा पोरांनी किल्ली काढून घेतली. पुलापर्यंत तो पोचला नसता, किंवा रस्त्यात दुसरं कोणी घरी पोचलं नसतं. पोलिसांना कळवावं, असं माझं म्हणणं होतं. आळीने ऐकलं नाही, त्याला जेवू घातलं आणि मारुतीच्या सभामंडपात झोपवलं. सकाळी चहा घेताना तो पूर्ण शुद्धीवर होता आणि आता व्यंजनंही स्पष्ट होती. म्हणाला, ‘गुरुजी, तीन तालुक्यांचा माल एका दिवसात वाटाचा रायते. हमालाचे पैसे भेटत नाही. माल वापस नेला तं फेरीचे पैसे कटतात.’ पिण्याला हे कारण पुरत नाही, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. पण घाईला पुरतं. भर उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत नगावर पैसे मिळणारा, पेट्रोल पदरचं घालणारा पोरगा सामान फेकणार नाही तर काय करणार? नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात अशी कामं करणारे 2020-21 साली 77 लाख होते, असा आकडा आहे. यांच्याशी दारात भांडून आपण जिंकतो, आणि ज्याने पैसे घेतले तो गुरगावच्या नाहीतर बंगळूरच्या एसीत निवांत बसतो. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे: भांडण दारात करू नका, लेखी करा, आणि पैसे घेणाऱ्याशी करा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं? बरं. मग कायदा भराभर सांगतो, लिहून घ्या.

ओटीपी म्हणजे तुमची सही. वस्तू बघायच्या आधी फोनवर सांगितला की ‘मिळाली’ अशी पावती तुम्हीच दिली. गॅसच्या कोडचंही तेच. सिलिंडर चौकात टाकून कोड मागतात, देऊ नका. घरपोच आणायचा खर्च किमतीत धरलेला असतो, वरचे पैसे द्यायची गरज नाही. आत गॅस 14.2 किलो हवा. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, बेरीज करा आणि वजन करून मागा.

ऑनलाइन विक्रीचे नियम 2020 चे आहेत. प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. आमचे पैसे परत आले ते कस्टमर केअरच्या गोड मुलीमुळे नव्हे, त्या अधिकाऱ्याला चित्रीकरणासह पाठवलेल्या पत्रामुळे.

तरीही दाद लागली नाही तर 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने मोठी सोय केली, ती ही की तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी कुठलीही असो, तिला वर्ध्याला यावं लागेल. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर तक्रार घरबसल्या दाखल करता येते. निकाल लवकर लागतो का, हे मला विचारू नका, अध्यक्ष रागावतील.

आणि ड्रायव्हर प्यालेला असेल तर तो ग्राहक आयोगाचा विषय नाही. मोटार वाहन कायदा, कलम 185. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की पहिल्या वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 112 ला फोन लावा. सभामंडप दर वेळी रिकामा नसतो.

चिठ्ठी आली, आभारप्रदर्शन मोठं आहे म्हणे. तक्रारीच्या पत्राचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. घरटी एकच घ्या, झेरॉक्सचे पैसे मी दिलेत.