जकातनाका ओलांडून आलेले कारखाने

(दृश्य: जुना मुंबई-पुणे महामार्ग, निगडीच्या बाजूने शहरात शिरणारे मालट्रक.)

पुण्याकडे येणाऱ्या या रस्त्यावर २०१३ सालच्या मार्चअखेरपर्यंत प्रत्येक मालट्रकला थांबावे लागत असे. पोलादाच्या पट्ट्या असोत, बेअरिंगची खोकी असोत की रंगाचे डबे, महापालिकेच्या हद्दीत येणाऱ्या मालावर जकात भरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. चालान दाखवायचे, मालाची किंमत ठरवून घ्यायची, पावती फाडायची आणि मगच फाटक उघडायचे. रात्रीच्या पाळीला कच्चा माल हवा असेल, तर नाक्यावरच्या रांगेचा वेळ हिशेबात धरूनच गाडी सोडावी लागे. उद्योजकांनी या कराविरुद्ध वर्षानुवर्षे निवेदने दिली आणि त्यांची तक्रार रास्त होती, कारण माल विकला जाण्याआधीच, किंबहुना तो यंत्रावर चढण्याआधीच, त्यावर कर भरावा लागत होता.

तरीही याच नाक्यांच्या आत देशातल्या वाहन उद्योगाचा एक मोठा पट्टा उभा राहिला. केवळ जकातीच्या उत्पन्नावर पिंपरी-चिंचवड महापालिका इतकी सधन झाली की आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका असा तिचा लौकिक झाला. कर कमी केला की उद्योग येतात हे समीकरण खरे मानायचे, तर हे शहर वसायलाच नको होते.

दुसरी गोष्ट सवलतींची. महाराष्ट्र शासनाने १९६४ साली उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्याबाहेर उद्योग जावेत हा तिचा हेतू असल्यामुळे सवलती मागास भागांसाठी होत्या आणि पुण्याच्या वाट्याला त्या आल्या नाहीत. म्हणजे एका बाजूला जकात आणि दुसऱ्या बाजूला सवलतींचा अभाव अशा दुहेरी गैरसोयीतून या शहराची वाढ झाली. ती कशी झाली, हे समजून घ्यायचे तर कारखान्यांच्याही आधीच्या काळात जावे लागते.

(दृश्य: शिवाजीनगर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाची दगडी इमारत.)

१८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा एक वर्ग सुरू झाला. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे जाणकार लोक हवे होते, एवढाच त्यामागचा व्यवहार होता. त्यातूनच पुढे आजचे सीओईपी घडले. १८६९ साली खडकीला दारूगोळा कारखाना आला आणि अचूक मापाचे काम करणाऱ्या कारागिरांची एक पिढी तिथे तयार झाली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने १९४६ साली खडकीतच पाय रोवला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली पाषाणला सुरू झाली, तर पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला कारखाना १९५४ साली स्थापन झाला. यातला एकही निर्णय ‘पुण्याला उद्योगनगरी करू या’ अशा आराखड्यातून आलेला नव्हता. लष्कराची गरज, शिक्षणाची जुनी परंपरा आणि केंद्र सरकारचे धोरण या तीन वेगळ्या वाटांनी माणसे येत गेली आणि इथेच राहिली.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, स्थापना झाली, तेव्हा पिंपरी, चिंचवड आणि भोसरीच्या माळरानावर देण्यासारखी गोष्ट करमाफीपेक्षा वेगळी होती. आखलेला भूखंड, त्याच्या दारापर्यंत पक्का रस्ता, वीज आणि पाणी. जमीन मिळवण्यासाठी शंभर सातबाऱ्यांच्या मागे फिरावे लागणार नाही आणि विहिरीच्या पाण्यावर कारखाना चालवावा लागणार नाही, ही हमी त्या काळातल्या कारखानदाराला कोणत्याही सवलतीपेक्षा मोलाची होती. १९७२ साली पवना धरणामुळे पाण्याची चिंता मिटली, आणि त्याच वर्षी कामगारांच्या घरांसाठी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडी-आकुर्डीच्या बाजूला आजही लोक ‘प्राधिकरणात राहतो’ असेच सांगतात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या फिटरला आणि टर्नरला इथे भूखंड मिळाला, त्यावर घर उभे राहिले, मुले जवळच्या शाळेत गेली आणि तो परत गेला नाही. कुशल माणूस टिकतो तो असा.

टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९६६ साली इथे पाऊल ठेवले तेव्हा गाड्यांची जुळणी हे पहिले काम नव्हते. साचे, जिग आणि फिक्स्चर बनवणारा विभाग आणि शिकाऊ कामगारांना तयार करणारे प्रशिक्षण केंद्र यांना कंपनीचे तेव्हाचे सूत्रधार सुमंत मुळगावकर यांनी अग्रक्रम दिला. आधी यंत्रे बनवणारे हात, मग यंत्रे, आणि शेवटी ट्रक, असा तो क्रम होता. हे घाईच्या माणसाचे काम नव्हते. पण त्या प्रशिक्षणाचा लाभ एकट्या टेल्कोला झाला नाही.

(दृश्य: भोसरी औद्योगिक वसाहतीतील एक गाळा. शटर अर्धे वर, आत ट्यूबलाइटचा उजेड.)

भोसरीतला हा गाळा पाहा. आत धातू कापणारी दोन संगणकचालित व्हीएमसी यंत्रे, एक सरफेस ग्राइंडर आणि कोपऱ्यात, आता फारसा न वापरला जाणारा पण कुणी भंगारात न घातलेला, जुना लेथ आहे. कामगाराने साच्याचा तुकडा उचलून मायक्रोमीटरमध्ये धरला आहे, वाचन बघून तो पुन्हा ग्राइंडरच्या चुंबकी पाटावर ठेवला आहे आणि पाच-सहा मायक्रॉनसाठी चाक आणखी एकदा फिरवले आहे. हे काम बरोबर झाले की तुकडा बाजूच्या गल्लीत हीट ट्रीटमेंटला जाईल, तिथून पलीकडच्या शेडमध्ये प्लेटिंगला, आणि पुढे मोठ्या कंपनीच्या फाटकावर. मोठ्या कारखान्यात उमेदवारी केलेल्या आणि पुढे स्वतःचे जॉबवर्क सुरू केलेल्या माणसांचे असे गाळे या वसाहतीत गल्लोगल्ली आहेत.

नव्या कंपनीच्या दृष्टीने या गल्ल्यांची किंमत कोणत्याही करसवलतीच्या तक्त्यात मांडता येत नाही. साचा मोडला तर तो दुसऱ्या राज्यातून येईपर्यंत आठवडाभर उत्पादन थांबवायचे की संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून घ्यायचे, हा प्रश्न आहे. गाडीचा नवा नमुना तपासायचा असेल, तर वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही वाहनचाचणी संस्था याच शहरात आहे. लहान उद्योजकाला परवडणार नाहीत अशी महागडी चाचणीयंत्रे चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये भाड्याने वापरता येतात. ‘मराठा चेंबर’ ही उद्योजकांची संघटना तर १९३४ पासूनची, म्हणजे बहुतेक कारखान्यांच्याही आधीची.

भाषेचाही इथे वाटा आहे, आणि तो फारसा मोजला जात नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींच्या अनेक पिढ्या होऊन गेल्या, जपानी शिकणाऱ्यांची संख्याही इथे मोठी आहे. १९९४ साली मर्सिडीज-बेंझ पुण्यात आली आणि २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तेव्हा रेखांकनावरच्या जर्मन सूचना वाचू शकणारी माणसे शहरात आधीपासून होती. फोक्सवॅगनसाठी आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूही शर्यतीत होते, आणि तोवर महाराष्ट्रानेही महाप्रकल्पांना सवलती देण्याचे धोरण स्वीकारले होते, हे इथे नोंदवायलाच हवे. कराचा परिणाम शून्य असतो असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

तो किती असतो याचे उदाहरणही याच शहराने पाहिले आहे. केंद्र सरकारने २००३ साली उत्तराखंडात जाणाऱ्या उद्योगांना दहा वर्षे उत्पादनशुल्कातून आणि पहिली पाच वर्षे प्राप्तिकरातून पूर्ण सूट दिली. बजाज ऑटोने पंतनगरला कारखाना काढला आणि २००७ साली आकुर्डीतले उत्पादन थांबवले. टाटांची ‘एस’ ही छोटी मालगाडी पुण्यात जन्मली, पण तिचे उत्पादन पंतनगरला गेले. ही हानी खरी होती आणि आकुर्डीच्या कामगारांनी ती भोगली. तरी काय गेले आणि काय राहिले याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. जुळणीची साखळी गेली, पण बजाजचे मुख्यालय आकुर्डीतच राहिले आणि नव्या गाड्यांची आखणीही पुणे परिसरातच होत राहिली. साखळी उचलून दुसरीकडे नेता येते, तिच्यामागचे जाणते मनुष्यबळ तसे उचलता येत नाही.

(दृश्य: गणेशखिंड, विद्यापीठाचा परिसर, सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेची इमारत.)

संगणक क्षेत्राची कहाणी याहून बोलकी आहे, कारण तिथे कराचा प्रश्न जवळजवळ बाद होतो. सॉफ्टवेअर निर्यातीसाठी केंद्राने ‘सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क’ उभारले, तेव्हा पहिली तीन केंद्रे बंगळूर, पुणे आणि भुवनेश्वर इथे होती. प्राप्तिकरातली सूट तिन्ही ठिकाणी एकच होती आणि पुढे ती देशभरच्या अशा सर्व केंद्रांना लागू झाली. सवलत सारखी असूनही शहरांची वाढ सारखी झाली नाही. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली होती. त्या धोरणावर टीका झाली, ती अनेक अर्थांनी योग्यही होती, कारण दर्जा आणि देणग्या हे दोन्ही प्रश्न त्यातून उभे राहिले. पण नव्वदच्या दशकात कंपन्या भरतीसाठी आल्या तेव्हा शहरात दर उन्हाळ्यात पदवीधरांची नवी तुकडी बाहेर पडत होती, हेही त्याच धोरणाचे फळ आहे.

२०११ साली ती प्राप्तिकराची सूट संपली. कंपन्या पुणे सोडून गेल्या नाहीत.

पुण्यातच राहायचे असे ठरवणाऱ्या तरुण अभियंत्याच्या मनात काय असते, हे उद्योग धोरणाच्या कागदांत क्वचितच सापडते. जोडीदारालाही याच शहरात नोकरी मिळेल का, वाढत्या वयाच्या आईवडिलांसाठी चांगले रुग्णालय जवळ आहे का, मुलीने रात्री आठला क्लासवरून दुचाकीने एकटीने यावे का, ही खरी विचारणा असते. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव पाहून कुणी कारखाना काढत नाही. मात्र ज्या शहरात डिसेंबरच्या थंडीत हजारो लोक गाणे ऐकायला बसतात, त्या शहरात घर घ्यावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

(दृश्य: हिंजवडी. सकाळी नऊची वेळ, वाकडच्या पुलाकडून येणारी वाहने.)

याच कसोटीवर आजचे पुणे घसरते आहे. हिंजवडीचे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान पार्क राज्यातल्या सर्वांत मोठ्या रोजगारकेंद्रांपैकी एक आहे, पण हिंजवडी आणि माण ही गावे ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली वाढली. पार्क एमआयडीसीचे, आजूबाजूचे नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, म्हणजे पीएमआरडीएचे, वाकडपासून पुढे महापालिका, आणि ओढ्यावर भराव पडून पावसाचे पाणी रस्त्यावर आले तर प्रत्येक कार्यालयाचे बोट दुसऱ्याकडे. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले, म्हणजे पार्क गजबजल्यानंतर कितीतरी वर्षांनी. चाकणच्या तळेगाव चौकातही हेच चित्र दिसते. कारखान्यात मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवला जातो आणि त्याच कारखान्याचा माल चौकात तासभर उभा राहतो. जकातनाके उठले खरे, पण ट्रक अजून थांबलेलेच आहेत, आणि या थांबण्याची पावतीही मिळत नाही. जकातीच्या पैशातून निदान रुंद रस्ते आणि वायसीएमसारखे रुग्णालय तरी उभे राहिले होते.

(दृश्य: छत्रपती संभाजीनगर, शेंद्रा.)

पुण्याहून ईशान्येला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर दुसरे एक शहर आहे. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा आहे आणि शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात ‘ऑरिक’ ही नवी औद्योगिक नगरी आखीव रस्ते, भूमिगत वाहिन्या आणि तयार भूखंडांसह उभी राहिली आहे. साठ वर्षांपूर्वी भोसरीने जे दिले होते ते इथे अधिक नीटनेटके मिळते, आणि सवलतीही पुण्यापेक्षा जास्त आहेत. पण जायकवाडीचे धरण सुमारे पन्नास किलोमीटरवर असूनही या शहराच्या अनेक वस्त्यांना वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाचे पाणी मिळत आले आहे. धरणापासून शहराकडे अडीच मीटर व्यासाच्या नव्या जलवाहिनीची योजना त्यासाठीच हाती घेण्यात आली. उद्योग खात्याच्या सवलतींच्या यादीत या जलवाहिनीला जागा नाही. पुण्याहून बदलीवर येणारा अभियंता मात्र इथे भाड्याचे घर पाहताना मालकाला सर्वांत आधी हेच विचारतो, की पाणी किती दिवसांनी येते आणि किती वेळ येते.