एकाच युक्तीची दोन पेटंटे

पडद्यावरचे एखादे चित्र जिफ (GIF) या चित्रे साठवण्याच्या स्वरूपातले आहे असे समजा. त्यातल्या आकाशाची एक ओळ पाहिली, तर निळ्या ठिपक्यामागून निळाच ठिपका येत राहतो. प्रत्येक ठिपका वेगळा नोंदवण्याऐवजी संगणक पुन्हापुन्हा येणाऱ्या मालिकांचा कोश करत जातो आणि पुढे तीच मालिका आली, की कोशातला क्रमांक लिहितो. खातेवहीत ‘कित्ता’ लिहून हात वाचवणाऱ्या कारकुनाला यात फारसे नवल वाटले नसते.

लेंपेल आणि झिव या संशोधकांनी १९७८ मध्ये मांडलेल्या या कोशाच्या पद्धतीत टेरी वेल्च यांनी सुधारणा केली आणि १९८४ मध्ये ती एका तांत्रिक नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध केली. त्यांच्या कंपनीने, स्पेरीने, २० जून १९८३ रोजीच पेटंटसाठी अर्ज केला होता, पण त्याचा उल्लेख लेखात नव्हता. कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीने १९८७ मध्ये हीच पद्धत वापरून जिफ सर्वांसाठी खुले केले. स्पेरीचे पेटंट तोवर युनिसिस या कंपनीकडे आले होते, आणि जिफ जगभर रुळल्यावर, डिसेंबर १९९४ मध्ये, जिफ हाताळणारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी शुल्क भरावे असे जाहीर झाले. ज्यांनी ओळ न् ओळ स्वतः लिहिली होती, त्यांनाही सूट नव्हती, कारण नक्कल केली नाही हा कॉपीराइटच्या दाव्यात उपयोगी पडणारा बचाव पेटंटपुढे चालत नाही. एका साध्या प्रोग्रामातही अशा असंख्य युक्त्या गुंफलेल्या असतात. त्यांतली कोणती कोणाच्या मालकीची आहे, हे घरी बसून प्रोग्राम लिहिणाऱ्याने शोधावे तरी कसे?

बरे, खुद्द पेटंट कार्यालयाला तरी ते कुठे उमगले होते? याच पद्धतीला कवेत घेणारा आयबीएमचा अर्ज स्पेरीच्या आधी, १ जून १९८३ रोजी, दाखल झाला होता. अमेरिकी कार्यालयाने स्पेरीला १९८५ मध्ये पेटंट दिले आणि आयबीएमला १९८९ मध्ये.

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम हे शोध मानले जात नाहीत. मात्र ‘निव्वळ’ म्हणजे नेमके काय, यावर वाद सुरूच असतात.

शुल्काला वैतागलेल्या प्रोग्रामरांनी जानेवारी १९९५ मध्ये पीएनजी हे चित्रांचे नवे स्वरूप रचायला घेतले. युनिसिसचे अमेरिकी पेटंट २० जून २००३ रोजी संपले. आयबीएमचे मात्र २००६ पर्यंत जिवंत होते.