दार उशिरा उघडतं

(दृश्य : पुरातली गोदावरी, दुतोंड्या मारुती)

मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, म्हणजे गंगापूर धरणातून सोडलंय, हे नाशिककराला सांगावं लागत नाही. वरून पाणी येतच राहणार. आधीचं वेळेवर गेलं नाही तर पंचाईत.

हृदयाच्या पेशीलाही दरवाजे असतात. प्रथिनांचे, डोळ्यांना न दिसणारे. त्यांना आयन चॅनल म्हणतात. सोडियम, कॅल्शियम आत येतं, ठोका पडतो. मग पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी पुढच्या ठोक्याला मोकळी होते. पोटॅशियमचा असा एक दरवाजा घडवायची कृती ११व्या गुणसूत्रावर, केसीएनक्यू१ या जनुकात असते. हे जनुक १९९६ साली सापडलं. गंमत अशी, की हाच दरवाजा कानाच्या आतल्या भागातही लागतो. तिथल्या द्रवात पोटॅशियम सोडल्याशिवाय ऐकू येत नाही.

(दृश्य : पूर ओसरलेला. रामकुंडात उड्या मारणारी मुलं, पायरीवर एक मुलगी)

ही नऊ वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नाही. पाण्यात उतरायची बंदी आहे, पण चपला शेजारी काढून बघत बसायला कोण अडवणार!

पळापळीत, नाहीतर दचकली की ती धाडकन पडायची. घरचे कांदा फोडून नाकाशी धरायचे. दोन वर्षं फिटच्या गोळ्या झाल्या. कानाचा आणि त्या पडण्याचा संबंध कुणी लावलाच नाही.

(दृश्य : ईसीजीची खोली)

थंडगार जेली लागली की ती हसते. हात हलतो, पट्टीवर रेघ थरथरते. सिस्टर स्वतःच्या ओठांवर बोट ठेवतात. मग आपण कुणाला गप्प करतोय हे लक्षात येऊन त्याच हसतात. मनगटाला चिमटे, छातीवर रबरी फुगे. पुन्हा सुरू.

पट्टीवरचा एक बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. क्यू लाटेपासून, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून, टी लाट संपेपर्यंत, म्हणजे पेशी मोकळी होईपर्यंत मोजा. ठोक्यांच्या वेगाचा हिशेब घालून हे अंतर साधारण ०.४६ सेकंदाच्या आत हवं. हिचे नुसते चौकोनच १३ भरतात, म्हणजे ०.५२. दार उशिरा उघडतंय. तेवढ्यात पुढचा ठोका वेडावाकडा पडला तर हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही.

१९५७ साली नॉर्वेतल्या जर्वेल आणि लांगे-नीलसन या डॉक्टरांनी एका घरातली अशी चार भावंडं नोंदवली. चौघंही बहिरी, चौघांनाही असेच झटके. त्यातली तीन दगावली.

(दृश्य : ओटा, आजी वहीत रेघा ओढते)

आजीने मुलाच्या मामाची मुलगी सून करून आणली. आपल्याकडे सर्रास चालतं. मुलाकडे त्या दरवाजाच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली, सुनेकडेही एक. दुसऱ्या प्रतीवर दोघांचं निभावतं. दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच पोराच्या वाट्याला येण्याची शक्यता दर खेपेला ४त १.

(दृश्य : भिंतीवरचा फोटो, हार. निवेदन नाही)

मोठ्या भावाचा ईसीजी कधी निघालाच नाही.

(दृश्य : सकाळ, गोळी, पाण्याचा पेला)

बीटा ब्लॉकरची, म्हणजे हृदयाची धडधड आवरणारी गोळी रोज, एकही चुकवायची नाही. शर्यती बंद. काही अँटिबायोटिकसुद्धा हिला चालत नाहीत. ती यादी दप्तरात असते.

(दृश्य : मूकबधिर मुलांचा वर्ग, हातांच्या खुणा)

ईसीजीला दहा मिनिटं लागतात. या वर्गात तो फक्त हिचा झालाय.