वाफसा आधी, खत नंतर

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

तीन-चार दिवस झड लागते, भारी काळ्या रानात पाणी तुंबतं आणि आठवडाभरात हिरवंगार सोयाबीन पिवळं पडतं. मराठवाड्यात आणि विदर्भात हे पुष्कळांनी पाहिलं आहे. पीक पिवळं दिसलं की पहिला हात युरियाच्या गोणीकडे जातो. तो हात थोडा थांबावा, एवढ्यासाठी आजचं हे बोलणं आहे.

आधी जमिनीकडे पाहू. भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पहिले पाऊस ती भराभर पिऊन घेते. पण तिच्यातली चिकणमाती ओलीनं फुगली की भेगा मिटतात. मग तासाला एक मिलिमीटर पाणीसुद्धा खाली सरकत नाही. एक इंच पाऊस, म्हणजे २५ मिलिमीटर, एका एकरावर साधारण एक लाख लिटर पाणी टाकतो. उताराला वाट नसेल तर तेवढं पाणी जिरायला दिवसाहून जास्त वेळ लागतो. वर झड चालूच असेल तर रान आठ-आठ दिवस वाफशावर येत नाही, म्हणजे ओल टिकूनही भुसभुशीत आणि हवेशीर होत नाही.

मातीच्या कणांमध्ये ज्या फटी असतात, त्यांतली हवा घेऊन मुळं श्वास घेतात. त्या फटी पाण्यानं भरल्या की हवा बाहेर पडते. ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा जवळपास दहा हजार पट सावकाश पसरतो, म्हणजे वरून नवा ऑक्सिजन मुळापर्यंत पोचतच नाही. मातीत उरलेला असतो, तो मुळं आणि जिवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात. त्यानंतर मुळाला ऑक्सिजनशिवाय भागवावं लागतं. साखरेच्या एका रेणूतून आधी तीस ते छत्तीस ऊर्जेची एककं मिळत, आता दोनच मिळतात. नत्र आणि पालाश मुळात आपोआप शिरत नाहीत, ऊर्जा खर्च करून ते आत ओढावे लागतात. म्हणजे अन्न मुळाशी पडून असतं आणि मूळ ते घेऊ शकत नाही. पाण्याचंही तसंच. गुदमरलेलं मूळ पाणी कमी शोषतं, म्हणून गुडघाभर ओलीत उभं असलेलं झाड दुपारी माना टाकतं.

नत्राचं नुकसान दुहेरी होतं. ऑक्सिजन संपला की काही जिवाणू नायट्रेटमधला, म्हणजे मुळांना घेता येणाऱ्या नत्राच्या रूपातला, ऑक्सिजन वापरायला लागतात आणि नत्र वायुरूपानं उडून जातं. अशा रानात वरून युरिया फेकला तर चुनखडीच्या जमिनीत त्यातला काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो. उरलेल्याचं पुढे नायट्रेट झालं की तेही याच वाटेनं जातं. शिवाय मूळ बंद आहे, ते घेणार कोण? पैसे अक्षरशः हवेत जातात.

सोयाबीनचं बरंचसं नत्र मुळांवरच्या गाठींतून येतं आणि गाठींमधल्या जिवाणूंनाही हवा लागते. एक झाड मुळासकट हलक्या हातानं खणून काढा, माती धुवा आणि दोन-चार गाठी नखानं फोडा. आतून गुलाबी-लालसर असतील तर त्या काम करत आहेत. हिरवट, राखाडी किंवा पिचपिचीत असतील तर काम थांबलं आहे. मुळांचा रंगही बघा. पांढरी मुळी म्हणजे जिवंत मुळी. तपकिरी झालेली, साल ओढताच सुटणारी आणि कुजका वास येणारी मुळी गेली असं समजा.

आता पिवळेपणा नीट वाचायचा, कारण तो दोन प्रकारचा असतो आणि दोघांचा उपाय वेगळा. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडलं आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे. ओल्या जमिनीत मुळांचा आणि जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. तो चुनखडीत मुरून बायकार्बोनेट तयार होतं आणि ते झाडाच्या लोहाचा वापर अडवतं. मातीत लोह भरपूर असतं, तरी पान उपाशी राहतं. युरियानं हा पिवळेपणा जात नाही. अशा जमिनीत फेरस सल्फेट मातीतून दिलं तरी चुनखडी ते बांधून टाकते, म्हणून ते पानांवरच फवारायचं. प्रमाण लिहून घ्या. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम लिंबूसत्त्व. द्रावण ताजं वापरा, गंजासारखं तांबूस झालं की टाकून द्या. आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी.

पाऊस उघडल्यावर कामाचा क्रम चुकवू नका. पहिलं काम पाणी काढणं. सर्वांत खोलगट जागेपासून चर सुरू करा आणि उताराच्या दिशेनं नाल्यापर्यंत न्या. शेजाऱ्याच्या रानात सोडू नका, त्याचंही पीक उभं आहे. ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नका आणि खुरपणीलाही उतरू नका. फुगलेली काळी माती पायाखाली दाबली गेली की उरलेल्या फटीही मिटतात.

मग वाफशाची वाट पाहायची. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या, गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा भुसभुशीत फुटला तर वाफसा आहे. चपटा झाला किंवा हाताला चिकटून राहिला तर अजून थांबा. वाफसा येताच कोळपं किंवा डवरा चालवा. वरची चोपलेली पापडी फुटून हवा आत जाते, आणि सगळ्या उपायांत हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी आहे.

मुळं सावरेपर्यंत पानांतून थोडं अन्न देता येतं. १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत (आकडे नत्र, स्फुरद आणि पालाशाचे), पीक फुलोऱ्याआधी असेल तेव्हा. सोयाबीनला शेंगा लागल्या असतील तर तेवढंच ०:५२:३४. फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करा, माना टाकलेल्या पिकावर भर दुपारी नको. ही फवारणी आधारापुरती असते, तिनं कुजलेली मुळी परत येत नाही. चार-पाच दिवसांनी पुन्हा एक झाड खणून पाहा. नवी पांढरी मुळी दिसली की कपाशीला एकरी २० ते २५ किलो युरिया ओळीच्या बगलेत, मातीआड द्या.

कपाशीबद्दल जास्त सांगायला हवं. बरेच दिवस ताण, मग जोराचा पाऊस आणि लगेच कडक ऊन, असं झालं की पात्या (फुलांच्या कळ्या) आणि बोंडांनी लदलेली झाडं एका दुपारीच मलूल होतात. हा आकस्मिक मर. खोड उभं चिरून पाहा. आत तपकिरी रेषा असतील तर तो बुरशीचा मर. रेषा नसतील तर रोग नाही, तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात नाही. यात घाई महत्त्वाची, एक-दोन दिवसांच्या आत आळवणी, म्हणजे बुंध्याशी द्रावण ओतणं, झालं तर बरीच झाडं सावरतात. २०० लिटर पाण्यात १ किलो १३:०:४५, २ ग्रॅम कोबाल्ट क्लोराइड आणि २५० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी २५० ते ५०० मिली ओता आणि बुंध्याभोवतीची माती पायानं दाबून घ्या. गुदमरलेल्या मुळांमुळे झाडात इथिलीन वायू वाढतो, पात्या आणि पानं गळतात ती त्यामुळेच. कोबाल्ट हे इथिलीन तयार होणं रोखतो. मात्र २ ग्रॅमच, काट्यावर मोजून. हातमोजे घाला.

तुरीच्या खोडावर जमिनीलगत तपकिरी-काळे चट्टे येऊन झाड तिथूनच मोडत असेल तर तो फायटोफ्थोरा करपा. पाणी खोडाला टेकलं की तो येतो, म्हणून तुरीच्या ओळीला भर लावलेली असली पाहिजे.

कुणी विचारेल, भात मग पाण्यात कसा वाढतो? भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात, पानांतली हवा त्यांतून मुळापर्यंत उतरते. सोयाबीन, कपाशी आणि तुरीकडे ती सोय पुरेशी नाही. त्यांच्यासाठी ती आपण रानात करायची. पुढच्या हंगामात पेरणी रुंद वरंबा सरीवर, म्हणजे रुंद गादीवर पीक आणि बाजूंना सऱ्या अशी, करा. यंत्र नसेल तर सोयाबीनच्या दर चार ओळींनंतर एक सरी मोकळी काढा आणि सगळ्या सऱ्या खालच्या चराला जोडा. सरी न जोडता सोडली तर तिथेच पाणी तुंबतं.

आणि एक काम याच आठवड्यात उरका. रानात जिथे पाणी शेवटपर्यंत उभं राहिलं, तिथे खुंट्या ठोका. उन्हाळ्यात सगळं रान सपाट दिसतं. चर कुठून काढायचा, ते तेव्हा या खुंट्याच सांगतील.

नमस्कार.