व्यवहाराचाही हिशेब मागा

श्रोतेहो, नमस्कार.

आधी सॉफ्टवेअरच्या दुनियेतली एक हकिगत सांगतो. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. जगभरातले प्रोग्रॅमर त्यासाठी कोडमधले बदल पाठवत असतात. ते सगळे सांभाळायला लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००२ साली बिटकीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. लिनक्स मुक्त, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. पण ते ज्या अवजारानं घडवायचं, ते मात्र एका खासगी कंपनीच्या मालकीचं. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांच्यासारख्या तत्त्वाच्या मंडळींनी तेव्हाच हरकत घेतली. माणूस जे सॉफ्टवेअर वापरतो त्यावर त्याचाच ताबा हवा, असं हे गृहस्थ १९८३ पासून सांगत आलेत. टॉरव्हाल्ड्स यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आज जे सगळ्यात चांगलं चालतं ते मी वापरणार.

आणि चाललंही. कामाचा वेग वाढला. पण फुकट वापराला कंपनीच्या अटी होत्या. अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या प्रोग्रॅमरनं त्या अटी मान्य केल्याच नव्हत्या, कारण तो बिटकीपर वापरतच नव्हता. त्यानं टेलनेटनं, म्हणजे दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या एका साध्या साधनानं, बिटकीपरच्या सर्व्हरशी जोडून घेतलं आणि टाइप केलं, 'हेल्प'. सर्व्हरनं आज्ञांची यादी समोर ठेवली. एवढ्यावरून रण पेटलं. आमच्या सॉफ्टवेअरची नक्कल करण्याचा हा डाव आहे, असं म्हणत कंपनीनं २००५ साली फुकट वापर बंद केला. टॉरव्हाल्ड्स आधी ट्रिजेलवरच भडकले! मग ३ एप्रिलला स्वतः कामाला बसले आणि ७ एप्रिलला त्यांचं नवं अवजार, गिट, स्वतःचाच कोड सांभाळू लागलं होतं. आज हिंजवडीतला प्रोग्रॅमर सकाळी आल्या आल्या ज्यावर काम सुरू करतो, ते हे गिट.

म्हणून लगेच स्टॉलमन यांना हार घालू नका. त्यांच्या चळवळीचा स्वतःचा कर्नल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा गाभा, हर्ड, १९९० मध्ये हाती घेतला गेला आणि सामान्य वापरापर्यंत आजही आलेला नाही. लिनक्स आलं नसतं तर मुक्त सॉफ्टवेअर बराच काळ अर्धवटच राहिलं असतं. मात्र लिनक्स कुणा एका कंपनीच्या खिशात गेलं नाही, ते स्टॉलमन यांच्या परवान्यामुळे. बदललेलं सॉफ्टवेअर वाटायचं तर त्याचा कोडही खुला ठेवायचा, ही त्याची अट.

मला खटकतं ते वेगळंच. तत्त्व सांगणाऱ्याला आपण लगेच हिशेब विचारतो. खर्च किती, वेळ किती, जमणार कसं? 'आपण बुवा व्यवहारी' म्हणणारा मात्र बिनहिशेबी सुटतो. त्याचा निर्णय तीन वर्षांनी अंगाशी आला, तर आपण त्याला परिस्थितीचा दोष म्हणतो.

'इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार' हा 'सुधारक'कार आगरकरांचा बाणा आपण शाळेपासून ऐकतो. त्यातलं इष्ट काय, यावर आपल्याकडे शंभर वर्षं वाद झाले. साध्य काय ते कुणी ठरवायचं, यावर फारसे झाले नाहीत.

आता जर्मनीत चला. १९९८ साली चान्सलर श्रोडर यांचे सोशल डेमोक्रॅट आणि पर्यावरणवादी ग्रीन पक्ष मिळून सत्तेवर आले. ग्रीन पक्षात तेव्हा दोन तट होते, तत्त्वाला चिकटलेले 'फुंडी' आणि सत्तेत बसून जमेल ते पदरात पाडून घेऊ म्हणणारे 'रेआलो'. रेआलोंचे पुढारी योश्का फिशर परराष्ट्रमंत्री झाले आणि कोसोव्होच्या युद्धाला त्यांनी पाठिंबा दिला. १९९९ च्या पक्षाच्या बीलेफेल्ड अधिवेशनात युद्धाला विरोध करणाऱ्या कुणीतरी लाल रंग भरलेली पिशवी त्यांच्या कानावर फेकून मारली.

या सरकारनं २००० साली कायदा केला, की छतावरच्या सौर विजेला युनिटमागे ९९ फेनिग (शंभर फेनिग म्हणजे एक मार्क) द्यायचे, तेही वीस वर्षं. घरगुती ग्राहक विजेला जो दर भरत होता, त्याच्या तिपटीहून जास्त! व्यवहारी माणसं हसली. हसण्यासारखं होतंही. पर्यावरणमंत्री ट्रिटिन २००४ मध्ये म्हणाले होते, की याचा बोजा महिन्याला घरामागे आइस्क्रीमच्या एका गोळ्याइतका पडेल. प्रत्यक्षात तो त्याच्या कितीतरी पट झाला, आणि तो गोळा बिचाऱ्यांना पुढे जन्मभर पुरला. पण त्या खात्रीच्या मागणीमुळे कारखाने वाढले, विशेषतः चीनमध्ये, आणि पॅनेलचे भाव कोसळले. भारतात २०१७ साली राजस्थानातल्या भाडला सौर प्रकल्पाच्या लिलावात दर युनिटमागे २ रुपये ४४ पैशांवर आला. आपल्याकडे शेतीपंपाला दिवसा वीज द्यायची तर सौरऊर्जा परवडते, यामागे जर्मन ग्राहकानं भरलेली बिलंही आहेत.

आता व्यवहाराचं खातं उघडा. २००५ च्या सप्टेंबरात, श्रोडर आणि पुतिन यांच्या साक्षीनं, समुद्रातून रशियन गॅस आणणाऱ्या पाइपलाइनचा करार बर्लिनमध्ये झाला. स्वस्त, भरवशाचा गॅस. उद्योगपती खूश. (श्रोडर पद सोडल्यावर त्याच प्रकल्पाच्या कंपनीत जाऊन बसले, हेही व्यवहारातच मोडतं म्हणा.) २०२१ पर्यंत जर्मनीच्या गॅस आयातीतला निम्म्याहून जास्त वाटा रशियाचा होता. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि तोच गॅस गळफास ठरला. ग्रीन पक्षाचे मंत्री हाबेक गॅससाठी कतारला गेले, कोळशाची बंद संयंत्रं पुन्हा पेटवायला त्यांनी परवानगी दिली.

पण हिशेब ग्रीन पक्षालाही द्यावा लागेल. एप्रिल २०२३ मध्ये जर्मनीनं शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, आणि कोळशाला कायद्यानं मुदत २०३८ पर्यंतची. अणुकचऱ्याची त्यांची भीती मी खोटी म्हणत नाही. पण हवामान वाचवायचं म्हणणाऱ्यांनी आधी कोळसा बंद करायला हवा होता. क्रम चुकला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे राजापूर तालुक्यात जैतापूरला सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॅट, असा प्रकल्प २०१० पासून कागदावर आहे. समर्थकांना विचारायचं, की बांधकाम लांबलं आणि खर्च वाढला तर युनिटचा दर किती, आणि तो वाढीव भार कुणाच्या बिलात? विरोधकांना विचारायचं, की ही वीज आली नाही, तर रात्रीच्या वेळी चंद्रपूरला कोळसा किती वर्षं जाळायचा, आणि तिथल्या राखेखाली राहणाऱ्यांना काय सांगायचं? दोघांकडूनही आकडे मागा, आणि ते पुढच्या निवडणुकीपुरते नकोत, चाळीस वर्षांचे हवेत.

नमस्कार.